मागची बाजू नसलेलं स्टेशन

कावेरीबाईंना त्या स्टेशनाचा पहिल्या दिवसापासून राग होता, आणि तो टिकवायला त्यांना कधी कष्ट पडले नाहीत. बाई बेंगळुरातल्या बळेपेटेत वाढलेली. माहेरच्या घराला पुढं बसायला कट्टा, मागं विहीर, सगळं जिथल्या तिथं. १९५० साली नवऱ्याची, गुंडोरावांची, स्टेशन मास्तर म्हणून छोट्या गाडीच्या लाईनीवर बदली झाली. बेंगळुराहून दीड तास धक्के खात त्या ज्या इमारतीसमोर उतरल्या, तिला मागची बाजूच नव्हती.

त्याचं असं झालं होतं. लाईन पडली तेव्हा उत्तरेचं हुल्लूरकट्टे आणि दक्षिणेचं केंपनकुंटे, या दोन्ही गावांनी दगड दिला, जमीन दिली, आणि अट घातली की स्टेशनाचं तोंड आमच्याकडं हवं. गावांचं आपसात हाडवैर. मग मालोजी नावाच्या बेंगळुरी मिस्त्रीनं रुळांलगत लांबट इमारत उभी केली आणि तिच्या दोन्ही टोकांना दोन तोंडं दिली. दोन्हीकडं तशीच टोकदार कौलारू पडवी, तीच लाकडी जाळी, मोजून पाच पायऱ्या आणि तिकिटाची एकेक खिडकी. मधे मास्तरांच्या तीन खोल्या, त्यांचं दार पूर्वेला शेतांकडं. लांबलांबचे लोक ही गंमत बघायला येत. कावेरीबाई म्हणत, "भांडखोरांनी बांधलेलं देऊळ आहे हे."

गुंडोरावांना त्या इमारतीचा कोण अभिमान. सम तारखेला ते उत्तरेची खिडकी आधी उघडत, विषम तारखेला दक्षिणेची. प्यायचं पाणी एक दिवस या गावच्या विहिरीचं, एक दिवस त्या गावच्या. आधीच्या मास्तरांनी नवा कंदील एकाच पडवीत टांगला, तर काठ्या निघाल्या होत्या आणि हमालाचं डोकं फुटलं होतं, हे खरं. पण गुंडोरावांच्या मनात भीतीपेक्षा हाव जास्त होती. आजवर कुठल्याच मास्तराला जाताना दोन्ही गावांनी हार घातले नव्हते. ते दोन हार त्यांना हवे होते.

कावेरीबाईंचं मागणं त्याहून लहान होतं. पूर्वेच्या दारासमोर वीतभर अंगण, त्यात तुळस आणि रोजची रांगोळी. अख्ख्या स्टेशनात तेवढीच जागा अशी होती, जिची वाटणी करायला कुणी येत नव्हतं.

५८ साली वरून हुकूम आला की प्रत्येक स्टेशनावर संडास बांधायचा. नकाशा घेऊन पद्माकर नावाचा पुण्याचा तरुण इंजिनिअर आला.

"मास्तर, ड्रॉइंगमध्ये क्लिअर लिहिलंय, बिल्डिंगच्या बॅक साइडला. बॅक साइड कुठली?"

"नाही, सर."

"नाही म्हणजे? बॅक साइड सगळ्यांनाच असते." तो हसला आणि त्यानं उत्तरेला पेन्सिलीची खूण केली.

बातमीला पाय असतात. तासाभरात हुल्लूरकट्ट्याचे पुढारी कल्लाप्पा चाळीस माणसं आणि तितक्याच काठ्या घेऊन उत्तरेच्या पायऱ्यांवर हजर. "स्वामी, आमच्या तोंडासमोर घाण करणार?" इंजिनिअरनं घाईघाईनं खूण पुसून दक्षिणेला केली, तर तिकडच्या पायऱ्यांवरही माणसं जमली. त्याचं हसू केव्हाच गेलं होतं. गुंडोरावांनी दोन्ही खिडक्यांतून बाहेर पाहिलं. दाराआडून ऐकणाऱ्या कावेरीबाईंना मग त्यांचा आवाज आला, "सर, पूर्वेला घ्या. माझ्या दाराकडं."

लोक पांगले. कावेरीबाई बाहेर आल्या.

"मला विचारलंत?"

"स्वल्प समजून घे, कावेरी. रक्त सांडलं असतं."

"दोन्ही गावांचं तोंड राखलंत. माझ्या दाराला तोंड नव्हतं?"

गुंडोरावांनी रजिस्टर उघडलं.

संडास तुळशीपासून सात पावलांवर झाला. कावेरीबाईंनी तुळस उचलून चुलीजवळच्या खिडकीत ठेवली, ती तीन महिन्यांत वाळली. रांगोळी बंद झाली. दार लावून, घामाघूम होत त्या स्वयंपाक करत. बाहेर दोन्ही गावचे लोक हातात तांब्या घेऊन एकाच रांगेत उभे राहत आणि चक्क गप्पा मारत. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ती माणसं एकत्र आली, ती कावेरीबाईंच्या अंगणात. दोन्ही गावांचा त्या द्वेष करत, अगदी समसमान, आणि नवऱ्याचा त्याहून थोडा जास्त. कामापुरतंच बोलत.

सहा वर्षांनी गुंडोराव निवृत्त झाले. सामान आदल्या दिवशीच बेंगळुराला गेलं होतं. सकाळी दोन्ही पडव्यांत माणसं मावेनात. इकडं हार, तिकडं हार, इकडं डोलू ढोल, तिकडंही डोलू. गुंडोराव नवा रुमाल डोक्याला बांधून खोलीतच उभे होते. खिडक्या आलटूनपालटून उघडता येतात, पण शेवटचं निघणं एकदाच असतं. पहिला हार ज्यांचा, त्यांचा मास्तर. उरलेल्यांच्या हातात काठ्या.

"कावेरी," ते म्हणाले, "कुठल्या दारानं निघू?"

चौदा वर्षांत त्यांनी बायकोला काही विचारलं ते हे पहिलंच.

"पूर्वेच्या."

"तिकडं तर..."

"तिकडं मागची बाजू आहे. तुम्हीच केलीत. घरची माणसं त्याच दारानं जायची."

कावेरीबाईंनी पिशवी उचलली, नाकाला पदर लावला आणि संडासाला वळसा घालून शेताच्या बांधाला लागल्या.  गुंडोरावही नाकाला रुमालाचं टोक लावून मागोमाग निघाले. सगळा जन्म रेल्वेत काढलेला माणूस सडकेवर येऊन बेंगळुराच्या बसला हात करत होता, आणि पाठीमागं दोन डोलू अजून वाजत होते.

बसमध्ये गुंडोरावांचा हात सारखा गळ्याकडं जात होता.

"दोन हार होते, कावेरी."

"होते," त्या म्हणाल्या. यशवंतपूर येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांना वाईट वाटलं नाही. बळेपेटेतल्या घरी पोचल्यावर त्यांनी आधी पुढचं दार झाडलं, उंबऱ्याबाहेर रांगोळी घातली, आणि नवऱ्याला सांगितलं, "तुमची खुर्ची मागं ठेवलीय."

"सरी, बरं," गुंडोराव म्हणाले, आणि मागं जाऊन बसले.