उशीवरची कोंबडी

उशीवर लाल डाग होता. पोरीची बोटंही लाल झाली होती. मेट्रनबाईंनी एकदा डागाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि नर्सला म्हणाल्या, "कात्री आण. पट्टी सोडून बघावी लागेल."

हे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं. सोलापुरातल्या एका इस्पितळाची शिवणखोली मी सांभाळत असे. चादरी, अभ्रे, रोग्यांचे सदरे, सगळं माझ्या मशीनवर व्हायचं. पेनिसिलीन तेव्हा आलेलं नव्हतं. जखमेत पू झाला तर पाय कापायची पाळी यायची. म्हणून पट्टी उगाच सोडत नसत.

पोरीचं नाव राजव्वा. विणकराच्या घरची, लहानच. घरातल्या माळ्यावरून पडून नडगीचं हाड मोडलं होतं, वरची कातडीही फाटली होती. पाय फळ्यांमध्ये बांधलेला. जखम भरू लागली की खाज सुटते. ही पट्टीत बोटं घालायची. तिला तेलुगूशिवाय काही कळत नव्हतं आणि कळलं तरी ती ऐकत नव्हती. शेवटी तिचे हात पलंगाला बांधू लागले. मनगटांवर वळ उठले.

एके दिवशी मेट्रनबाई शिवणखोलीत येऊन बसल्या.

"यमुनाबाई, पोरीचे हात सोडायचेत. पण ते पायापर्यंत जाता कामा नयेत."

"मांडीवर जाड उशी ठेवू," मी म्हटलं. "हात पलीकडे पोचणार नाहीत."

"आणि त्या हातांनी दिवसभर करायचं काय?"

मशीनवर बसल्या बसल्या सुचलं की उशीवर चित्राची नुसती रेघ काढावी आणि रंग पोरीला भरू द्यावेत.

आधी जुन्या चादरीच्या तुकड्यावर नीळ लावून पाहिली. थेंब टेकला आणि पसरतच गेला. मग न धुतलेलं कोरं मांजरपाट घेतलं. गिरणीतून येतं तेव्हा कापडाला खळ असते, म्हणजे कांजी दिलेली असते. तिच्यामुळे पाणी चटकन शिरत नाही. रेघ काळ्या दोऱ्याने साखळी टाक्यात घातली आणि दोरा मेणातून ओढून घेतला. आता रंग रेघेशी अडू लागला. मला इतकी गंमत वाटली की हातातलं काम टाकून मी थेंबच पाहत बसले.

मोठी कोयरी काढून, कापूस दाबून भरून उशी नेली. राजव्वाने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने म्हणाली, "कोडी."

मला वाटलं, कोडं घालतेय. सत्यव्वा आया हसायला लागली. तिला तेलुगू यायचं.

"कोडं न्हाय बाई. कोंबडी म्हनतीया ती. तिच्या घरी हायत की."

कोयरी उसवली, कोंबडी घातली. स्वयंपाकघरातून हळद आणली, धुलाईतून नीळ, आणि काडीला कापूस गुंडाळून दिला. दोन्ही रंग मिसळले की हिरवा होतो, हे तिचं तिलाच सापडलं. त्या दिवशी हात बांधावे लागले नाहीत.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा लाल डाग. लाल रंग तर मी दिलाच नव्हता. पोर भेदरून रडत होती. पुन्हा हात बांधतील, हे तिला कात्री पाहूनच कळलं असावं. उशीने हात अडले नव्हते आणि हे जखमेचंच रक्त, असंच मला वाटलं.

तेवढ्यात डॉक्टरसाहेब राउंडला आले. त्यांनी उशी उचलून वास घेतला.

"हळद आहे का यात?"

"आहे."

"सकाळी उशी कशाने पुसली?"

सत्यव्वा पुढे झाली. "साबनाच्या पान्यानं, सायेब. हातबी पुसलं तिचं. लई बरबाटलं हुतं."

डॉक्टरांनी लिंबू मागवलं आणि डागावर पिळलं. लाल होतं तिथे पिवळं झालं. ते म्हणाले, साबणाने हळद लाल होते, आंबटाने परत पिवळी. कॉलेजात त्यांनी हे कागदावर केलं होतं.

मेट्रनबाईंनी कात्री ट्रेमध्ये ठेवली. राजव्वाचं रडणं थांबलं होतं. तिने डॉक्टरांच्या हातातलं लिंबू काढून घेतलं आणि स्वतःच्या बोटावर चोळलं. मग सत्यव्वाला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"साबन मागतीया."

त्यानंतर ती कोंबडी सकाळी लाल आणि दुपारी पिवळी असायची. शेजारच्या पलंगांवरची मुलं माना उंचावून बघत. एकाला बैल हवा होता, एकाला आगगाडी. मी बटणांचे अभ्रे शिवले, म्हणजे उशी तीच ठेवून चित्र बदलता येई.

राजव्वाचा पाय वाचला. चालताना किंचित लंगडायची, पण चालत घरी गेली. कोंबडीचा अभ्रा मेट्रनबाईंनी तिच्याबरोबर दिला. इस्पितळाचं कापड बाहेर द्यायचं नाही, हा नियम त्यांनीच केलेला होता.

मी पुढे मुलांसाठी पुष्कळ शिवलं. त्यांच्यासाठी शिवताना थोडं काम त्यांच्याकरता सोडावं, एवढं या प्रकरणातून शिकले. आणि वॉर्डातल्या उशा कशाने पुसल्या, हे आधी विचारून घ्यावं.