गाईड बसताना दुकान गप्प

असले अनुभव लिहिणारे बरेच जण सुरुवातीलाच शपथा घेतात. मी शपथ घेत नाही, एवढंच सांगतो — अमावास्या-पौर्णिमा बघून मी आयुष्यात एक नट आवळलेला नाही, आणि भुताखेतांच्या गप्पा हाणणाऱ्यांना दुकानातनं हाकललंय. तरी हे लिहितोय, कारण आता पोटात राहीना.

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं इंजिनची हेडं, म्हणजे इंजिनवरची जड लोखंडी झाकणं, दुरुस्त करायचं दुकान आहे. हेडात व्हॉल्व्ह ज्या छोट्या नळीतनं खाली-वर होतो, तिला गाईड म्हणतात. ती झिजली की गाडी ऑईल पिते, निळा धूर सोडते. मग जुन्या गाईड ठोकून काढायच्या, हेड भट्टीत तापवायचं, नव्या गाईड फ्रीजरमध्ये गार करायच्या आणि तापल्या हेडात हातोड्यानं बसवायच्या. घावागणिक आवाज चढत जातो, आणि गाईड पुरती बसली की भरीव 'टण्ण' येतो. तिथं थांबायचं. एक घाव जास्त पडला तर बोंबला!

हे मला शिकवलं कुरुंदवाडच्या आण्णा मिस्त्रींनी. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवायला घरी. त्यांचा एकच नियम — गाईड बसताना दुकान गप्प. लेथ बंद, रेडिओ बंद, गिऱ्हाईकसुद्धा गप्प. "हेड बोलतंय, मधी तोंड घालू नगा," म्हणायचे. आण्णा जाऊन खूप वर्षं झाली, पण नियम अजून चालू आहे.

आता खरं ते सांगतो. चाळीस वर्षांच्या ठोकाठोकीत माझे कान गेले. कानातलं यंत्र आहे, पण दुकानात ते कोकलतं म्हणून काढून खिशात ठेवतो. डॉक्टर म्हणाले, नस गेलीय, परत येणार नाही. मग गाईड कशी बसवायचो? हाताच्या अंदाजानं! आणि शेवटच्या घावाला आवाज ऐकल्यासारखी मान हलवायचो. ढोंग हो, शुद्ध ढोंग... माझा पोरगा सुहास लेथ बंद करायचा, सगळ्यांना गप्प करायचा, आणि त्या शांततेत मी नाटक करायचो. हातोडा सोडवत नव्हता, दुसरं काय.

गेल्या उन्हाळ्यात मुरगूडचे एक पाटील जुन्या जीपचं हेड घेऊन आले. बायकोला आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला कोल्हापूरला आणायचे, ते त्याच गाडीतनं. "मिस्त्री, वाटंत बंद पडाय नगो बघा," म्हणाले. "हिला घिऊन रस्त्यात बसायची सोय न्हाय." सुहासनं सकाळीच हेड पाण्यात बुडवून, हवा भरून तपासलं होतं. एक बुडबुडा नव्हता.

दुपारी तीनला तापलेलं हेड टेबलावर घेतलं. यंत्र खिशात. लेथ थांबला, तो मला दिसला. दोन गाईड बसल्या. तिसरीला हातोडा उचलला... आणि वर पत्र्यावर कावळ्याच्या नख्या वाजल्या.

मी तसाच थांबलो. पंख्याची कुरकुर ऐकू आली. बाहेर रिक्षा गेली. आणि पाठीमागं सुहास पाटलांना अगदी हळू सांगत होता — "आबांना ऐकू येत न्हाय. पर तुमी काय बोलू नगा. त्येंच्या मागनं मी सगळ्या गाईड मापून घेतो."

पोराला सगळं ठाऊक होतं. तरी माझ्यासाठी तो लेथ बंद करत होता.

डोळे भरले, पण हेड गार होत होतं. घाव घातला. टण्ण! आईशप्पत, काय आवाज तो... आण्णांच्या वेळचा, जसाच्या तसा. अंगावर काटा आला. चौथीही तशीच बसली. पाचवीला मात्र आवाज फुटला — बाजारात माठ वाजवून घेताना चिरलेला हाताला लागावा, तसा बद्द.

"थांबा!" मी ओरडलो. "ह्याला तडा हाय."

सुहास धावत आला. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. वर पंखा मुक्यानं फिरत होता. जे आलं होतं ते गेलं होतं.

मी यंत्र कानाला लावलं. "आबा, सकाळी तपासलंय की!"

"गरम पाण्यात तपास."

त्यानं वाद घातला नाही. पाणी उकळलं, हेड बुडवलं, हवा सोडली... आणि पाचव्या गाईडच्या शेजारनं बारीक बुडबुड्यांची रांग वर आली. गार असताना मिटलेली चीर तापल्यावर उघडत होती. ते हेड गाडीला चढलं असतं, तर कुठंतरी भर उन्हात गाडी तापून बंद पडली असती, आणि आत पाटलीणबाई. पाटलांना दुसरं हेड शोधून दिलं, जीप अजून फिरतेय.

डॉक्टरांनी कान पुन्हा तपासले. पहिल्याइतकेच गेलेले. "हाताला कंपन जाणवलं असेल," म्हणाले. तड्याचं एकवेळ मानतो. पण पोराचं बोलणं? पाटलांना एकटं गाठून शब्द न शब्द विचारला. "व्हय, आसंच म्हणाला. पर तुमचं यंत्र तर खिशात हुतं की, मिस्त्री!"

ती पाच मिनिटं कुणी दिली, कशासाठी दिली, मला आजही सांगता येत नाही. पुन्हा कधी आली नाहीत.

सुहासला मी यातलं काही सांगितलेलं नाही. कालही एक हेड आलं. त्यानं लेथ बंद केला, सगळ्यांना गप्प केलं. शेवटच्या घावाला मी मान हलवली. मग चहाचं निमित्त काढून बाहेर पडलो आणि कोपऱ्यावर जरा जास्तच वेळ उभा राहिलो... त्याला मापायला सवड मिळावी म्हणून.