जड पाण्याचं वरण

"मोळी ठिवून घ्या साहेब. पन माह्या पोरीच्या लग्नात वऱ्हाड्यांले वरण कसं वाढू, थे सांगा."

गुंफाबाई माझ्या ऑफिसच्या पायरीवर बसली होती. गार्डने तिची लाकडाची मोळी जप्त केली होती. तोंडाने भारी फटकळ बाई. मला ती पहिल्यापासून आवडायची.

तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं आणि मी वरवट बकालच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी जंगल खात्यात रेंजर होतो. डोक्यावरच्या मोळीला आमच्याकडे हेडलोड म्हणत. वाळलेल्या लाकडाच्या एका हेडलोडकडे आम्ही काणाडोळा करायचो. त्या उन्हाळ्यात मात्र बायका दिवसातून दोनदा येऊ लागल्या, ओली झाडंही तोडू लागल्या. बुलढाण्याहून डीएफओ साहेबांचा, म्हणजे माझ्या वरच्या अधिकाऱ्यांचा, निरोप आला, "इन्स्पेक्शनला येतोय. चोरी थांबवा."

"एवढं लाकूड लागतं कशाला, बाई?"

"नव्या हिरीच्या पान्यात डाय शिजतच नाही. सकायी चढवली का दुपारलोक चूल जाळा."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तिचं गाव पूर्वी नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी प्यायचं. झिरा म्हणजे वाळूत खड्डा केला की झिरपून येणारं पाणी. आम्ही त्या भागात रोपं लावली, भोवती चर खणून क्लोजर केलं, म्हणजे माणसांना आणि गुरांना बंदी. त्याच्या बदल्यात गावाला विहीर मिळाली. पाणी भरपूर, पण क्षारांचं, जड. अशा पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही.

क्लोजर उघडायचा अधिकार माझा नव्हता. लग्न तर तोंडावर आलेलं. तिकडे लग्नात वरण मऊ झालं नाही तर जन्मभर व्याही बोलून दाखवतात.

"मोठ्या साहेबाचा सैपाक मी करतो," गुंफाबाई म्हणाली. मी हो म्हटलं.

इन्स्पेक्शनच्या दिवशी डीएफओ साहेब रेस्ट हाऊसवर जेवायला बसले. पहिल्याच घासाला थांबले.

"रेंजर, ही डाळ आहे की खडी?"

आतून गुंफाबाईचा आवाज आला, "आनखी दोन मोया जाळू द्या साहेब, मंग शिजते!"

ती दुसरी वाटी घेऊन बाहेर आली. "थे नव्या हिरीच्या पान्याचं. आता हे चाखा." साहेबांनी चव घेतली. वरण लोण्यासारखं मऊ होतं.

"हे कोणत्या पाण्याचं?"

"झिऱ्याच्या."

"म्हणजे क्लोजरमधून चोरलेलं?"

"हाव साहेब. पन शिजलं."

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी प्यायल्यावर म्हणाले, "चरावर एक फळी टाका. घागर जाऊ द्या. कुऱ्हाड नाही."

लग्नाच्या दिवशी पहाटेपासून बायका फळीवरून घागरी आणत होत्या. गुंफाबाईने पंगतीत मला व्याह्यांच्या शेजारी बसवलं आणि नको नको म्हणताना वरण वाढलं. व्याह्यांनी दुसऱ्यांदा मागितलं, तेव्हा तिने पदराने डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, माझेही भरून आले.

पावसाळ्यापर्यंत ओली मोळी दिसेनाशी झाली. बुलढाण्याच्या रिपोर्टात कारण आलं, 'गस्त वाढवल्यामुळे चोरी घटली.'

गार्ड तोच होता, गस्तही तीच. गावात डाळ तेवढी वेळेवर शिजत होती.