चाफ्याखालची मेणबत्ती

विझल्या मेणबत्तीचा वास आला की मला अंधेरीतलं आमच्या चर्चमागचं कबरस्थान आठवतं. पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट. नोव्हेंबरातल्या मेलेल्यांच्या दिवशी, आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात तेव्हा, आई तिच्या बापाची कबर शोधत होती. आम्हा दोघांनाही अक्षरओळख नव्हती, क्रुसावरची नावं वाचता येईनात. तरी मी ऐटीत म्हटलं, "चल, मला माहितेय. चाफ्याखाली."

आईनं मेणबत्ती लावली. मी तर आज्याच्या नावानं गळाच काढला. तेवढ्यात काळ्या लुगड्यातली एक बाई आली.

"काय रे, माझ्या नवऱ्यासाठी रडणारा तू कोण? गेल्या साली तर पुरला त्याला."

माझी वाट लागली. आई पुटपुटली, "पण माझ्या बापाचा चाफा तर हाच गं."

बाई खाली बसली. आमच्या कबरस्थानात जागा कमी, जुनी कबर उघडून नव्या माणसाला तिथंच ठेवतात.

"म्हणजे तुझा बाप खाली, माझा नवरा वर. राहू दे मेणबत्ती, दोघांना पुरेल."

मग दोघी मिळून रडल्या. मी मात्र घरापर्यंत हसत होतो, येडा.

आता आईच्या कबरीतही कुणीतरी नवं आलंय. मी तिथंच मेणबत्ती लावतो आणि बसून राहतो. कुणीतरी यावं, विचारावं, "तू कोण रे?"