बारा वर्षं वापरलेलं कार्ड माझं नव्हतंच

मैत्रिणींनो, आज बँकेच्या इंदिरानगर शाखेतून तणतणत घरी आले. गेल्या महिन्यात हे गेले आणि माझं क्रेडिट कार्ड बंद पडलं. ते म्हणे यांच्या कार्डावरचं ॲड-ऑन, म्हणजे त्याला जोडून दिलेलं जादा कार्ड होतं.

"मग मला नवीन द्या," मी म्हटलं.

"सरी अम्मा, पण तुमच्या नावावर कर्जफेडीचा रेकॉर्डच नाही. एफडी ठेवा, मग बघू," 'बरं बाई' अशा अर्थाचं कानडी 'सरी अम्मा' लावून मॅनेजर म्हणाला.

सासरे साठच्या दशकात इथल्या कारखान्यात लागले, तेव्हापासून आमचं खातं याच बँकेत. बारा वर्षं कार्डाचं बिल मीच भरलं, एकदाही उशीर नाही. ते सगळं पुण्य यांच्या नावावर जमा.

असलं कार्ड ठेवून उपयोग काय?

कार्डावर माझंच नाव छापलेलं होतं हो. तुमच्याही कार्डावर तुमचं असेल. तरी उद्या बँकेत विचारा, ते कुणाचं आहे.