नैवेद्याचा फ्रीझर

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी घरासमोरचा बर्फ उपसत होतो. सकाळचा चहा घेता घेता माधव गेला, म्हणाली. हार्ट अ‍ॅटॅक. मग एकदम म्हणाली, "त्याची झोपडी अजून तळ्यावरच आहे. बर्फ वितळायच्या आत काढावी लागते ना?" नवरा जाऊन दोन तास झालेले आणि ही झोपडीची काळजी करते, म्हणजे हिचं भान सुटलं असावं, असं मला वाटलं. आता सहा आठवड्यांनी वाटतं, तो खरा कुठे राहायचा हे तिलाच नेमकं ठाऊक होतं.

माधव भंडाऱ्याचा, मी पुण्याचा. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये आम्ही बावीस वर्षं शेजारी होतो आणि एकाच गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. मी आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी, बोलघेवडा, अंडंसुद्धा न खाणारा. तो अगदी मोजकं बोलणारा. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर लाकडी झोपडी ओढत न्यायची, बर्फाला भोक पाडायचं आणि गळ टाकून बसायचं. नोव्हेंबरात बंदूक घेऊन तीन तास उत्तरेला जायचं आणि हरणाची वाट बघायची. आमची मैत्री कशी टिकली, याचं आमच्या बायकांना नवल वाटायचं. खरं तर मी बोलायचो आणि तो ऐकायचा, इतकं ते सोपं होतं.

आता मोदकांचं सांगायला हवं. ते टाळून माधवबद्दल लिहिणं म्हणजे लबाडी होईल.

अकरा वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीसाठी बायकांनी आठवडाभर आधीच मोदक करून ठेवले. ते ठेवायला मी माधवचं गॅरेज ठरवलं. तो कामासाठी बाहेरगावी होता. फोनवर त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, "जुन्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेव. पेटीसारख्या फ्रीझरला हात लावू नको." कप्प्यात निम्मेच डबे मावले. उरलेले मी पेटीत घातले. आत तपकिरी कागदाची पुडकी होती, ती मी बाजूला सारली. कसली आहेत ते मला कळलं नाही असं नाही. मला घाई होती. चतुर्थीच्या सकाळी डबे आणायला गेलेल्यांना आमचे मोदक हरणाच्या मांसावर विसावलेले दिसले.

संध्याकाळी कमिटी बसली. पुष्कळ आवाज चढले. मी काही बोलायच्या आत, त्याच दुपारी परतलेला माधव उठला. "चूक माझी आहे. मी नीट सांगितलं नाही," एवढंच म्हणाला आणि बसला. मी खाली मान घालून मिनिट्स लिहीत होतो. मी तसंच लिहिलं. त्यानंतर मंडळानं त्याच्याकडे कधी काही ठेवलं नाही, आणि हळूहळू लोकांनी त्याच्याकडे जेवायला जाणंही बंद केलं.

त्या हिवाळ्यात त्यानं मला पहिल्यांदा तळ्यावर नेलं. झोपडीत दोन उपड्या बादल्या, एक छोटी शेगडी आणि पायाशी काळ्या पाण्याचं भोक. माफी मागायची असं मी घरूनच ठरवून निघालो होतो. "माधव, ते मोदकांचं..." मी सुरुवात केली. त्यानं गळाकडे बोट दाखवलं. "दोरीकडे बघ बे." मी बघत राहिलो. तासभर कुणी काही बोललं नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब तास असेल. पण शेवटी शेवटी मला बर्फाचा आवाज ऐकू यायला लागला, दूर कुठेतरी तडकल्याचा, आणि माझं मलाच नवल वाटलं. इथे तुला काय मिळतं, असं परतताना विचारलं. तो म्हणाला, "देवळात गेलो की मी मागत बसतो. इथं काही मागायचं सुचतच नाही."

पुढच्या नोव्हेंबरात हट्टानं त्याच्याबरोबर जंगलात गेलो. नारिंगी जाकीट घालून पाच तास आडोशाला बसलो. एक मादी पाडसाला घेऊन अगदी समोरून गेली. त्यानं बंदूक उचलली नाही. दुपारी एक नर आला. एकच बार झाला. मी तोंड फिरवलं. पुन्हा पाहिलं तर माधव त्या हरणापाशी उभा होता आणि त्याचे बूट मागे काढून ठेवलेले होते. मोज्यांनी बर्फात उभा, डोळे मिटून, हात जोडून. किती वेळ कोण जाणे. शिकार मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. पण इतकी मनापासून मान झुकवलेला माणूस मी आमच्या आरतीत पाहिलेला नाही, आणि मी तर पहिल्या रांगेत असतो.

माफी मात्र राहिलीच. त्यानं विषय काढला नाही, आणि मला ते सोयीचं होतं.

गेल्या शनिवारी त्याची मुलगी इरा आणि मी झोपडी ओढून आणली. तळ्याच्या कडेला बर्फ पाणावला होता, जेमतेम वेळेत पोचलो. गॅरेजमध्ये जागा करताना कोपऱ्यात एक छोटा पांढरा फ्रीझर घुरघुरत होता. वर चिकटपट्टी, तिच्यावर माधवचं अक्षर : फक्त नैवेद्यासाठी. उघडला. आतून लखलखीत पुसलेला, रिकामा.

"हा नेहमी एम्प्टीच असतो, काका," इरा म्हणाली. "मी मिडल स्कूलमध्ये असताना बाबांनी घेतला. अनप्लग करू द्यायचेच नाहीत. म्हणायचे, मंडळवाले कधीही विचारतील."

अकरा वर्षं... मी उलट्या बादलीवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, अगदी बापासारखं.

त्या मीटिंगची मिनिट्स आज इथे दुरुस्त करतो. मोदक मी ठेवले होते. माधवनं नीट सांगितलं होतं.

निघताना इरानं विचारलं, "मग आता अनप्लग करू?" मी नको म्हणालो. यंदाचे मोदक तिथे ठेवू द्याल का, हे सुनंदाला मी विचारलंय. कमिटीला विचारलेलं नाही.