तांबटाच्या आवाजामागे

अनू, नील, तुम्ही मला लावून दिलेल्या पक्ष्यांच्या वेबसाइटवर मी रोज जाते. हे आज सांगावंसं वाटलं, कारण गॅलरीसमोरच्या शेवग्याची वाळकी फांदी काल तोडली. “आजी, कुणाच्या डोक्यात पडली म्हणजे?” शेजारचे सुहास म्हणाले. त्यांचं खरंच होतं. पण त्याच फांदीच्या ढोलीत आपला तांबट पक्षी राहायचा.

आज सकाळी कपबशी धुऊन, हात पुसून मी संगणकापुढे बसले आणि सुट्टीत तुम्ही साइटवर टाकलेला त्याचा आवाज लावला. टुक, टुक, टुक. मध्येच अनू, तू कुजबुजतेस, “आजी, बोलू नको ना!” मी म्हणते, “अगं, पण पोहे निवताहेत!” नील फिस्सकन हसतो. तांबट मात्र आपला ठोके देतच राहतो.

त्याखाली कुणा जाणकाराने नम्रपणे सुचवलं आहे, की माणसांचे आवाज कापून फक्त पक्ष्याचा ठेवावा. निसर्गाची नोंद स्वच्छ हवी, हे मला पटतं. घरात मी टेबलावर चमचासुद्धा वाकडा राहू देत नाही. तरी मी खाली उत्तर लिहिलं, “माफ करा, तेवढं राहू द्या.”

संध्याकाळी गॅलरीत बराच वेळ उभी होते. फांदीच्या जागी आता नुसतं आकाश दिसतं. तांबट कुठे गेला, ठाऊक नाही. साइटवर त्याचा आवाज आहे, तुमच्या हसण्यासकट.